धूर कुणाच्या नावावर मांडायचा?

वाळवा तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या पुस्तकात जगातील देशांची एक यादी आहे. कोणत्या देशात माणशी किती कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडला जातो, त्याची. यादीच्या अगदी वरच्या टोकाला अमेरिका नाही, चीनही नाही; त्रिनिदाद, बहारीन, पलाऊ अशी नावे आहेत. मुलीने नकाशात शोधले तर ही सारी ठिपक्याएवढी बेटे. भगिनी विचारतात, "हीच बेटे समुद्रात बुडणार म्हणून सगळीकडे ओरड आहे ना? मग धूर तेच करतात आणि रडतातही तेच, हे कसे काय?"

प्रश्न रोखठोक आहे. या पानावर एरवी हुमणी, ठिबक आणि माती परीक्षण यांच्या गोष्टी होतात. पण या प्रश्नाचे उत्तर युरियाच्या गोणीतून आणि साखर कारखान्याच्या धुराड्यातून जाते, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आधी हा हिशेब कशाचा असतो ते पाहू. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळून जो कर्ब वायू निघतो तो, आणि त्यात सिमेंटसारख्या कारखान्यांतून निघणारा मिळवायचा. याला औद्योगिक कर्ब वायू म्हणतात. गाईगुरांच्या पोटातला वायू यात येत नाही, त्याचा हिशेब वेगळा. चुलीतले लाकूडही येत नाही. ते का, हे पुढे मॉरिशसला पोचल्यावर सांगतो.

सिमेंटचे गणित जुन्या माणसांना चटकन कळेल. पूर्वी आपल्याकडे चुन्याच्या भट्ट्या असत. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पुरती भाजली की ५६ किलो कळीचा चुना हाती येतो. मग ४४ किलो गेले कुठे? ते कर्ब वायू होऊन हवेत गेले. सिमेंटच्या भट्टीत हेच घडते, फक्त प्रचंड प्रमाणावर. म्हणजे भट्टीखालचा कोळसा वेगळा आणि खुद्द दगडातून सुटलेला वायू वेगळा.

डिझेलचे गणित मात्र ऐकणाऱ्याला खोटे वाटते. एक लिटर डिझेल वजनाला एक किलोही भरत नाही, पण ते जळले की सुमारे २.७ किलो कर्ब वायू तयार होतो. मेळाव्यात हे सांगितले की कुणीतरी हसतोच, "साहेब, पावशेर पिठाच्या शेरभर भाकरी कशा हो?" त्याचे उत्तर असे, की जळताना इंधनातला कर्ब हवेतला प्राणवायू ओढून घेतो. १२ किलो कर्ब ३२ किलो प्राणवायू घेतो आणि ४४ किलो वायू होतो. वाढलेले वजन हवेतून आलेले असते.

ही यादी करणारी मंडळी प्रत्येक धुराड्याशी तराजू घेऊन बसत नाहीत. देशात किती तेल, किती कोळसा, किती वायू खपला याची नोंद घ्यायची आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणायचे. किराणा दुकानदाराच्या वहीवरून घरात किती साखर खाल्ली ते काढावे, तसेच हे. आता वहीवरून हिशेब काढला, तर लग्नाला आलेल्या पाहुण्यांचा चहाही त्याच घराच्या नावावर पडतो. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट एकूण आणि दरडोई यांतली. समजा, दहा उंबऱ्यांच्या एका वाडीत पिठाची गिरणी आहे आणि आजूबाजूच्या चार गावांचे दळण तिथेच येते. विजेचे बिल वाडीच्या नावावर. उद्या तालुक्यात उंबऱ्यामागे वीज किती, असा तक्ता केला, तर ही वाडी पहिली येईल. तिथल्या बायाबापड्या दिवसभर दिवे जाळत बसतात, असा त्याचा अर्थ कुणी काढणार नाही. पण देशांचा तक्ता वाचताना नेमका असाच अर्थ काढला जातो.

अंदाज यावा म्हणून मोजके आकडे देतो. साऱ्या जगाचा हिशेब केला तर माणशी वर्षाला पावणेपाच टनांच्या जवळपास कर्ब वायू पडतो. आपल्या भारतात माणशी सुमारे दोन टन. अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. आणि कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशात वीस टनांच्या पुढे.

हा देश दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला खेटून आहे. लोकवस्ती चौदा-पंधरा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला आपल्या देशातून नेलेल्या मजुरांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत. ऊस आता जवळपास संपला. जमिनीखाली आणि समुद्रतळाखाली तेल आणि नैसर्गिक वायू आहे, त्यावर देश उभा आहे. १९५९ साली तिथे अमोनियाचा पहिला कारखाना निघाला आणि १९७०च्या दशकापासून पॉइंट लिसास नावाच्या वसाहतीत एकाशेजारी एक असे अमोनियाचे आणि मिथेनॉलचे कारखाने उभे राहिले. गेली कित्येक दशके जगाच्या बाजारात अमोनिया विकणाऱ्या मोठ्या देशांत या चिमुकल्या देशाचे नाव आहे.

अमोनिया म्हणजे आपल्या नत्रखतांची आई. हवेत नत्र भरपूर, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. त्याला हायड्रोजनची जोड द्यावी लागते आणि तो हायड्रोजन नैसर्गिक वायू फोडून काढतात. वायूतला हायड्रोजन घेतला की मागे कर्ब उरतो आणि तो कर्ब वायू होऊन बाहेर पडतो. एक टन अमोनियामागे साधारण पावणेदोन ते दोन टन कर्ब वायू. अमोनिया जहाजात बसून परदेशी जातो, त्यातला बराचसा अमेरिकेत. तिथे त्याची खते होतात, मका वाढतो, तो मका कोंबड्या-डुकरांना घालतात. खातो अमेरिकेतला माणूस. वायू मात्र पडतो पॉइंट लिसासच्या वहीत. हीच ती दहा उंबऱ्यांची गिरणी.

आता यातली एक गंमत सांगतो. कारखान्यातला हा कर्ब वायू सगळाच वाया जात नाही. अमोनियाशी त्याचा संयोग घडवला की युरिया होतो. एक टन युरियात ७३० किलोंच्या वर कर्ब वायू बांधलेला असतो. हिशेबाचा नियम असा आहे, की हा बांधलेला वायू कारखान्याच्या देशाच्या नावातून वजा करायचा आणि जिथे तो युरिया शेतात पडेल तिथल्या नावावर मांडायचा. कारण ओल्या जमिनीत युरिया फुटला की वायू मोकळा होतो. आपल्या ४५ किलोच्या गोणीतून असा सुमारे ३३ किलो कर्ब वायू निघतो. म्हणजे युरिया विकला तर धुराचा काही भाग गिऱ्हाईकाच्या घरी जातो, अमोनिया विकला तर सारा आपल्या अंगावर राहतो. कागदावरचा हिशेब हा असा वाकडातिकडा असतो. (युरिया जास्त झाला की जमिनीतून नायट्रस ऑक्साइड नावाचा आणखी एक वायू निघतो, तो कर्ब वायूपेक्षा कितीतरी पट तापदायक आहे. त्यावर स्वतंत्र लिहायला हवे.)

एवढे सांगून त्रिनिदादला अगदी निर्दोष ठरवावे, असे मला वाटत नाही. दळण चार गावांचे असले, तरी दळणाचे पैसे गिरणीवाल्याने घेतले आहेत. वायूच्या जिवावर देश शेजारच्या बेटांपेक्षा श्रीमंत झाला, वीज स्वस्त मिळाली आणि स्वस्त वीज कुणी जपून वापरत नाही, हे आपल्या पंपांच्या विजेवरून आपण जाणतोच. तेव्हा धुराचा काही वाटा त्यांच्या पदरात राहणारच. मात्र दिवस पालटत आहेत. गेल्या पंधरा वर्षांत तिथला वायू घटत चालला. पोलादाचा मोठा कारखाना २०१६ साली बंद पडला, सरकारी तेलशुद्धीकरण कारखाना २०१८ साली. तक्त्यातला आकडा त्यामुळे खाली येतो, पण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना हवा स्वच्छ झाल्याचे पेढे कोण वाटणार?

आणि एकूण आकडा पाहा. साऱ्या जगाचा औद्योगिक कर्ब वायू वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या वर आहे. आपल्या देशाचा सुमारे ३०० कोटी टन. त्रिनिदादचा तीन-साडेतीन कोटी. म्हणजे हजारातला जेमतेम एक भाग. माणशी मोजले तर पहिल्या रांगेत, एकूण मोजले तर खिजगणतीत नाही.

खताचाच विषय निघाला म्हणून नाऊरूचे सांगतो. प्रशांत महासागरातले २१ चौरस किलोमीटरचे बेट. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाचे शिवार एवढे असते. या बेटावर उत्तम प्रतीचे फॉस्फेट होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते खणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेले आणि त्याचे सुपर फॉस्फेट करून तिथल्या कुरणांवर टाकले. गवत वाढले, मेंढ्या वाढल्या, लोकर आणि लोणी जगभर गेले. १९६८ साली नाऊरू स्वतंत्र झाले. पुढे काही वर्षे फॉस्फेटच्या पैशाने हे लोक माणशी उत्पन्नात जगातल्या श्रीमंतांत गणले जात. पण बेटाचा जवळजवळ ८० टक्के भाग खणून काढलेला. माती गेली आणि उरले ते दगडांचे सुळके. नाऊरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १९९३ साली तडजोड होऊन भरपाई मिळाली. आता सांगा, त्या खाणीवर जळलेल्या तेलाचा धूर नाऊरूच्या नावावर, पण मातीचे मोल कुठल्या वहीत मांडायचे? कर्ब वायूच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.

बहारीनची गोष्ट वेगळी. इराणच्या आखातातले हे बेट आपल्या कोकणातल्या घरांना चांगले माहीत आहे, रत्नागिरी-रायगडची कितीतरी पोरे आखातात कमवायला गेली. तिथे १९३२ साली तेल सापडले. १९७१ पासून अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना चालू आहे आणि आज तो वर्षाला १५ लाख टनांहून अधिक धातू काढतो. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे गोठवलेली वीज. एक टन धातूला १४ हजार युनिटांच्या आसपास वीज लागते. पाच हॉर्सपॉवरची मोटर रोज आठ तास चालवली, तर एवढी वीज खायला तिला सव्वा वर्ष लागेल. बहारीनमध्ये ही वीज नैसर्गिक वायू जाळून होते. त्यात वर वाळवंटाचा उन्हाळा, घरोघरी एअर कंडिशनर, आणि समुद्राचे पाणी गोडे करायलाही ऊर्जाच. माणशी आकडा वीस टनांच्या बराच पुढे जातो. लोकवस्ती पंधरा-सोळा लाख आणि तीत निम्म्याहून जास्त परदेशी कामकरी. भागाकार करताना आपली ही पोरेही त्या "माणशी"त धरलेली असतात.

आता उत्तरेकडच्या आइसलँडकडे वळा. बेटच, वस्ती चार लाखांच्या आत. तिथेही अ‍ॅल्युमिनियमचे तीन कारखाने. पण वीज जवळपास सारी धबधब्यांची आणि जमिनीतल्या वाफेची. धातू गाळताना कर्बाच्या कांड्या जळतात, त्यातून टनामागे दीड टन वायू निघतोच. तो कुणाला चुकला नाही. पण विजेपोटी काही पडत नाही. बहारीनमध्ये त्याच एका टनामागे विजेपायी आणखी पाच-सहा टन तरी चढतात. आइसलँडचा माणशी आकडा दहा टनांच्या आत राहतो तो यामुळे. धातू तोच, भांडे तेच, फरक चुलीखालच्या जळणाचा. जाता जाता सांगतो, राजधानी रेक्याविकजवळ २०१२ पासून कर्ब वायू पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या काळ्या खडकात सोडतात आणि दोन वर्षांत त्यातल्या बहुतेकाचा दगड होतो. हा काळा खडक बेसॉल्ट. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच.

आता पाहुण्यांच्या चहाकडे येऊ. मालदीव म्हणजे सुमारे १,२०० बेटांचा देश, त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर वस्ती, एकूण माणसे पाच लाखांच्या जवळपास. २०२४ साली तिथे २० लाखांहून अधिक पर्यटक आले. प्रत्येक वस्तीच्या बेटावर स्वतंत्र डिझेल जनित्र, प्रत्येक पर्यटक बेटावरही. पिण्याचे पाणीसुद्धा बहुतेक ठिकाणी समुद्राचे गोडे केलेले. २०१४ च्या डिसेंबरात राजधानी मालेच्या पाणी कारखान्याला आग लागली तेव्हा आपल्या देशाने विमानाने आणि जहाजाने पाणी पाठवले होते. आता या डिझेलचा भागाकार पाच लाखांनी होतो. पाहुण्यांच्या गार खोल्या, त्यांच्या आंघोळी, त्यांच्या वेगवान होड्या, सारे मालदीवच्या मच्छीमाराच्या डोक्यावर. मालदीवचा माणशी आकडा आपल्या दीडपट-दुप्पट दिसतो, त्यातला त्याच्या घरातला किती, हे तक्ता सांगत नाही.

गंमत अशी, की पाहुणा ज्या विमानाने आला त्या विमानाचे तेल मात्र कुणाच्याच नावावर नसते. देशादेशांमधली विमाने आणि जहाजे यांचे इंधन राष्ट्रांच्या हिशेबात धरत नाहीत, वेगळे काढून ठेवतात. याचा सर्वांत मोठा लाभ सिंगापूरला. त्या बंदरात वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त इंधन जहाजांना भरले जाते, जगात कुठेच एवढे नाही. ते सारे त्यांच्या वहीबाहेर. तरी तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे त्यांचा माणशी आकडा आठ-नऊ टनांवर आहेच. सिंगापूरने २०१९ पासून मोठ्या कारखान्यांवर कर्बपट्टी बसवली, आणि २०२४ साली ती टनामागे ५ डॉलरवरून एकदम २५ डॉलर केली. तिथे तक्रार करायला रस्त्यावर उतरत नाहीत, म्हणून जमले असावे.

आणि पलाऊ? मुलीच्या पुस्तकात हे नाव आहे त्याचे कारण असल्याच वहीत दडले असावे. देशाची वस्ती १८ हजारांच्या आसपास. एवढ्या थोड्या माणसांनी भागताना बेटावर उतरवलेले तेल घरात जळले, होडीत जळले की दुसऱ्याच जहाजात भरले गेले, याची नोंद थोडी इकडची तिकडे झाली तरी माणशी आकडा कुठल्या कुठे जातो. दोन नावाजलेल्या जागतिक याद्यांत पलाऊचे आकडे एकमेकांच्या कित्येक पट आहेत. परीक्षेत विचारले, तर पुस्तकातलेच उत्तर लिहावे; मनात मात्र त्याला फार मोल देऊ नये.

मॉरिशसवर जरा जास्त थांबतो, कारण ते आपले घर आहे. १८३४ पासून करारावर नेलेले मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. आणि या लोकांनी पिकवला तो ऊस.

एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो ओला बगॅस निघतो. आपल्या गुऱ्हाळात चिपाडे चुलवणात घालतो तसाच तो बॉयलरमध्ये जाळायचा, वाफ करायची, कारखाना चालवून उरलेली वीज गावाला द्यायची. मॉरिशसचे कारखाने हे काम कित्येक दशके करत आले आहेत आणि जगभरचे लोक ते पाहायला जात. आता तो मघाचा प्रश्न. बगॅसचाही धूर निघतो, कर्ब वायूही निघतो. मग तो हिशेबात का नाही? कारण तो वायू उसाने वर्षभरात हवेतूनच घेतलेला. जाळला तेव्हा परत दिला, पुढच्या खोडव्याने तो पुन्हा ओढला. गावातली उसनवारी गावातच फिटली. कोळशाचे तसे नाही. तो कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला. तो काढून जाळणे म्हणजे हवेत नवी भर घालणे.

मॉरिशसमध्ये गळीत जूनच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. मग उरलेल्या महिन्यांत बॉयलर थंड ठेवायचा? नाही. त्याच बॉयलरमध्ये परदेशातून आणलेला कोळसा घालतात. इथे खरी मेख आहे. युरोपचे देश पूर्वी मॉरिशसची साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेत. २००६ पासून तो भाव टप्प्याटप्प्याने तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापला आणि २००९ साली जुना करारच संपला. छोट्या शेतकऱ्यांना ऊस परवडेना. रान पडीक पडले किंवा बंगल्यांना गेले. एकेकाळी सहा लाख टनांच्या घरात असलेले साखरेचे उत्पादन आता अडीच लाखांच्या आत आले, कारखाने तीन उरले. ऊस कमी तर बगॅस कमी. विजेची मागणी तर वाढतच गेली, हॉटेले, दुकाने, कापडाचे कारखाने. मग भर कशाची? कोळशाची आणि तेलाची. आज तिथल्या विजेत बगॅसचा वाटा सुमारे दहावा हिस्सा उरला आहे. माणशी कर्ब वायू तीन टनांच्या आसपास गेला. साखरेचा भाव युरोपात कापला गेला आणि त्याचा धूर हिंदी महासागरातल्या बेटाच्या नावावर चढला.

तिथल्या छोट्या ऊस-उत्पादकाला साखरेशिवाय बगॅसचे वेगळे पैसे मिळतात. तो दर किती असावा यावरून शेतकरी वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, कारण वीज विकून कमावतो कारखाना आणि चोथा असतो शेतकऱ्याच्या उसाचा. आपल्या कारखान्यांतही सहवीजनिर्मिती आहे. वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, तेव्हा त्या पानाशी जरा थांबून विचारायला हरकत नाही. चहा-फराळाची घाई असते, ठाऊक आहे मला.

उरलेल्या बेटांचे थोडक्यात. फिजीतही ऊस आहे आणि आपली माणसे आहेत. निम्म्याहून अधिक वीज पाण्यावर होते, आकडा माणशी दीड टनाच्या आसपास, म्हणजे आपल्याहून कमी. व्हानुआतूचा त्याहून कितीतरी कमी, एक टनाच्याही आत. सिमेंटच्या भट्ट्या यांतल्या बहुतेक बेटांवर नाहीत. मॉरिशस आणि मालदीवचे सिमेंट बोटीने येते, म्हणजे चुनखडीतले ते ४४ किलो दुसऱ्याच देशाच्या खात्यात पडलेले असतात. गिरणीचा फायदा असा उलटाही मिळतो.

आणि आता तुवालू, ज्याच्यासाठी ओरड आहे. नऊ प्रवाळबेटे मिळून २६ चौरस किलोमीटर. माणसे दहा-अकरा हजार. जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर, सर्वांत उंच जागाही पाच मीटरच्या आत. कारखाना नाही. थोडे डिझेल जनित्राला, थोडे मोटारसायकलींना आणि बोटींना. साऱ्या देशाचा वर्षाचा कर्ब वायू दहा हजार टनांच्या आतबाहेर. एवढा वायू त्रिनिदाद तीनएक तासांत सोडतो.

म्हणून भगिनींना माझे उत्तर असे, की धूर करणारे बेट आणि रडणारे बेट एक नव्हे. "बेट" हा शब्द एक असल्यामुळे आपण दोघांना एका दावणीला बांधतो. खरे तर ते स्वतःही एका दावणीला बांधून घेतात. १९९० साली छोट्या बेटांनी मिळून एक आघाडी केली, तीत तुवालू आहे, मालदीव आहे आणि त्रिनिदाद व सिंगापूरही आहेत. मोठ्या देशांपुढे एकजुटीने बोलायचे म्हटल्यावर घरातले हिशेब घरात ठेवावे लागतात. या एकजुटीत जोर आहे, हे मान्य केले पाहिजे. व्हानुआतूने पुढाकार घेऊन २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव करून घेतला आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की हवामानाची हानी टाळणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्याची सुरुवात २०१९ साली तिकडच्या विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. मुलीला हेही सांगा, परीक्षेला येईल.

तुवालूत शेती कशी होते, हे वाचकांना ऐकावेसे वाटेल. प्रवाळाच्या चुऱ्याची जमीन, चुना इतका की लोह आणि जस्त पिकाला लागू होत नाही. पावसाचे गोडे पाणी खाली झिरपून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. लोक त्या गोड्या थरापर्यंत मोठे खड्डे खणतात, त्यांत पालापाचोळा भरून पुलाका लावतात. पुलाका हा आपल्या अळूच्या कुळातला कंद, पण पाने माणसाच्या उंचीची. एकेक खड्डा घराण्याच्या मालकीचा, आजोबाने खणलेला नातू कसतो. समुद्र चढला, वादळाची लाट आत आली, की खड्ड्यात खारे पाणी शिरते आणि कंद कुजतात. २०१५ च्या पाम चक्रीवादळात असे बरेच नुकसान झाले. कोकणात खारभूमीचा बांध फुटल्यावर भातखाचराचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. आपल्याकडे बांध पुन्हा घालता येतो, एक-दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघते. तिथे खारे पाणी बाजूने नव्हे, तळातून वर येते. बांध कुठे घालणार?

२०२३ च्या नोव्हेंबरात तुवालूने ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिकडे कायमचे राहायला जाता येते, नावे चिठ्ठ्या टाकून निघतात. २०२५ साली पहिली नोंदणी झाली, तेव्हा बायकामुले धरून आठ हजारांहून अधिक लोकांची नावे आली. देशात माणसेच दहा-अकरा हजार.

जे मागे आहेत ते पिकवतच आहेत. राजधानी फुनाफुतीत तैवानच्या कृषी पथकाने भाजीपाल्याची बाग उभी केली आहे. खाली प्रवाळाची वाळू, म्हणून पालापाचोळ्याचे कंपोस्ट करून वर वाफे भरायचे आणि त्यात काकडी, पालेभाज्या घ्यायच्या. भाजी विकायला काढतात त्या दिवशी लोक सकाळी लवकर येऊन रांग लावतात.